क्रूड, कढई आणि समोरची खोली

किसनरावांच्या घरात सकाळ कोंबड्यानं होत नसे, क्रूडनं होत असे. अकोल्यात नोकरी करणारी त्यांची लेक मोनाली दिवाळीला आली होती, तेव्हा तिनं बापाच्या फोनमध्ये एक सोय करून दिली. बोट लावलं की जगातल्या खनिज तेलाचा, म्हणजे क्रूडचा, ताजा भाव समोर हजर. तेव्हापासून किसनराव अंथरुणातच चष्मा चाचपडत, भाव बघत आणि घरभर ऐकू जाईल असे ओरडत, “चढलं!” नाही तर “उतरलं!” चूळ भरायची ती त्यानंतर.

“शेजाऱ्याइले वाटते, घरात कोनाले ताप येऊन राह्यला,” सत्यभामा चहा गाळता गाळता म्हणायची.

पण नुसतं हसण्यावारी नेऊन तिचं भागत नव्हतं. तिच्या जिवाची एक गोष्ट त्या आकड्याला बांधलेली होती.

तेल्हाऱ्यात बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर होतं आणि समोरची खोली थेट रस्त्यावर उघडत होती. त्या खोलीला शटर बसवून घेतलं होतं, ते सत्यभामेच्या हॉटेलसाठी. वऱ्हाडात एक भट्टी आणि चार बाकडी असली की त्याला हॉटेलच म्हणतात, आणि तिला त्याहून मोठं काही नकोही होतं. तिचं माहेर भातकुलीचं. सुट्टीत अमरावतीला मामाच्या हातगाडीपाशी उभी राहून ती आलुबोंडे वळायला शिकली, तेव्हा तिचं डोकं जेमतेम कढईच्या वर यायचं. लग्न होऊन आल्यावर गावात कुणाकडे बारसं असो की साखरपुडा, कढईपुढे सत्यभामाच. लोक बोटं चाटत आणि म्हणत, “वयनी, तुमी हॉटेल टाका बरं.” बरीच वर्षं तिनं ते हसून सोडून दिलं. मग एक दिवस तिला कळलं की आता हसू येत नाही. आता खरंच हवं आहे. गुडघे अजून धड आहेत तोवरच काय ते होईल, नाही तर दुसऱ्यांच्या मांडवात घाम पुसतच म्हातारपण यायचं.

किसनरावांनीही मोडता घातला नाही. चारचौघांत शब्द दिला, येत्या गुढीपाडव्याला शटर उघडू. पाटीही रंगून आली, ‘सत्यभामा आलुबोंडा’. आणि नेमकं तेव्हाच सोयाबीन आलं.

ते मळणीवरून निघालं आणि सरळ त्या खोलीत शिरलं. पोत्यावर पोतं चढत गेलं, ते पंख्याच्या पात्याला जाऊन टेकलं. पाटी मागे भिंतीला तोंड करून उभी राहिली.

“भाव नाही सध्या,” किसनराव म्हणाले. “भाव आला की इकतो अन् खोली तुह्या हवाली करतो. थोडं थांबू.”

‘थोडं थांबू’ हे किसनरावांचं आवडतं वाक्य. गॅसची शेगडी घ्यायची होती तेव्हाही ते हेच म्हणाले होते आणि मोनालीला अकोल्याला शिकायला पाठवायचं ठरलं तेव्हाही. माणूस वाईट नव्हता. हात उगारणं नाही, पिणं नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नुसता थांबलेला होता.

थंडी सरता सरता एका सकाळी सत्यभामेनं चहाचा कप त्यांच्यापुढे आदळला आणि विचारलं, “मले एक सांगा. ते तेल निघते समुद्रापलीकडं. आपलं सोयाबीन निघते आपल्या वावरात. त्याच्या भावाशी याचं काय नातं?”

एवढ्या प्रश्नाचीच किसनराव वाट बघत होते. त्यांनी ताटलीतली बिस्किटं ओट्यावर मांडली.

“हे पाह्य. हे क्रूड. हे चढलं की डिझेल महाग. डिझेल महाग झालं की तिकडं इंडोनेशियावाले काय करतात? त्याइच्याकडं पामतेलाची झाडंच झाडं. ते तेल ते आपल्या कढईसाठी धाडतच नाहीत. त्याचं बायोडिझेल बनवतात अन् गाडीत घालतात.”

“खायचं तेल गाडीत?”

“गाडीत! मंग आपल्याकडं पामतेल येते कमी. लोक वळतात सोयातेलाकडं. सोयातेल चढलं की सोयाबीन चढलं.” शेवटचं बिस्कीट उचलून त्यांनी ते विजयानं चहात बुडवलं. “म्हनून मी क्रूडवर डोया ठेवून राह्यलो. तुले वाटते मी उगाच टाइमपास करून राह्यलो.”

सत्यभामेनं ओट्यावरच्या बिस्किटांवरून एकदा बोट फिरवलं. ती काही बाजार समितीत बसणारी बाई नव्हती, पण कढईपुढे उभं राहिलेल्या माणसाला तेल कुठून कुठे जातं ते लवकर कळतं.

“मंजे क्रूड चढलं तर तुमची पोती जातीन.”

“जातीन!”

“अन् माहा तेलाचा पिपा महाग होईन. मंग मी बोंडे कशात तळू?”

“होईन थोडासा महाग…”

“अन् क्रूड उतरलं तर पिपा सस्ता. पन पोती अथीच.”

किसनरावांचा कप कधीच रिकामा झाला होता, तरी त्यांनी तो तोंडाला लावला.

“वा रे वा,” सत्यभामा म्हणाली. “खोली आली की तेल नाही. तेल आलं की खोली नाही. माहं हॉटेल कवा व्हाचं मंग?”

“थोडं…”

“थांबू म्हनान तर पाह्यजा!”

किसनराव चूळ भरायला उठले.

पाडवा आठवड्यावर आला आणि जगात कुठेतरी समुद्रात जहाजं अडली. कुणी अडवली, का अडवली, याच्याशी किसनरावांना देणंघेणं नव्हतं. पहाटे त्यांच्या तोंडून “चढलं!” असं काही निघालं की शेजारची सून दामिनी पदर खोचत धावतच आली. तिला वाटलं, काकांना विंचू चढला. किसनरावांनी तिच्या हातावर साखर ठेवली, अंगात इस्त्रीचा सदरा चढवला, रुमालात मूठभर सोयाबीन बांधलं आणि सत्यभामेला गाडीवर मागे बसवून थेट चंद्रभानचं दुकान गाठलं.

चंद्रभान हा अडत्या. एका हातानं शेतकऱ्याचं सोयाबीन घ्यायचा आणि दुसऱ्या हातानं शेतकऱ्याच्याच बायकोला तेलाचा पिपा विकायचा. त्यामुळे भाव कुठेही गेला तरी तो गादीवर टेकूनच असायचा.

“वयनी, पिपा चढला बरं का,” तो आधीच म्हणाला. “कालचा भाव इसरून जा.”

सत्यभामा बोटांवर बोंड्यांचा हिशोब मोजायला लागली. किसनराव मात्र खुलले. “अन् आमचा माल?”

चंद्रभाननं रुमालातला एक दाणा उचलून दाताखाली फोडला. “तो होता तिथीच हाय. म्हनायले चार पैसे वर, बस.”

“असं कसं? तेल चढलं ना!”

“किसनभाऊ, या दान्यात तेल असते किती? जरासं. बाकी सारी पेंड. पेंड जाते कोंबड्याइच्या खाद्यात, अन् तिले सध्या कोनी गिऱ्हाईक नाही. तेलानं दाना वर ओढला अन् पेंडीनं खाली. म्हनून जाग्यावर.”

एवढ्या बिस्किटांत पेंडीचं बिस्कीट मांडायचं राहूनच गेलं होतं. किसनरावांनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली. ती नीट बसेना.

दोघं घराकडे वळली. आता तर दोन्हीकडून दार बंद झालं होतं. क्रूड चढलं, पिपा महाग झाला आणि पोती होती तिथेच. अंगणात गाडी लावता लावता किसनराव सवयीनं म्हणाले, “थोडं थांबू.”

“तुमी थांबा!” सत्यभामा ओरडली. एवढं मोठ्यानं ती लग्नाच्या इतक्या वर्षांत ओरडली नव्हती. “मी दिवाळीपासून थांबून राह्यली. त्याच्या आंधी जलमभर थांबून राह्यली. इंडोनेशियावाल्यानं गाडी काहात चालवाव, कोंबडीनं काय खाव, हे सारं ठरलं की मंग सत्यभामेनं शटर उघडाव! मले नाही जमत आता.”

आणि ती आत जाऊन रडली. भरपूर रडली. रडून झाल्यावर तोंड धुतलं, समोरच्या खोलीचं दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवून त्या पोत्यांच्या भिंतीकडे बघत राहिली. बघता बघता तिच्या लक्षात आलं की आपण जरा टेकायला म्हणून एका पोत्यावर बसलो आहोत, आणि बसायला ते चांगलं आहे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी किसनराव हरभऱ्याच्या मळणीला वावरात गेले. त्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तशी सत्यभामेनं दामिनीला हाक मारली आणि बाजारातून सूर्यभान हमालाला जोडीदारासकट बोलावून घेतलं. मजुरी ठरली आणि वर उद्याची पहिली प्लेट.

“पोते बाहेर काढाचे का?” सूर्यभाननं विचारलं.

“एकबी बाहेर नाही जाचं. आडवे करा.”

भिंतीला लागून दोन-दोन पोत्यांची लांब बैठक झाली. समोर छातीएवढा ओटा झाला, त्यावर दामिनीच्या घरची जुनी फळी. उरलेली पोती मागे भिंतीला रचली आणि मध्ये चुलीपुरती ऐसपैस जागा निघाली. बैठकीवर आधी ताडपत्री आली, मग धुतलेल्या गोधड्या. खोली अशी सजली की दामिनी म्हणाली, “काकू, अथी आता लग्न लावा कोनाचं तरी.”

राहता राहिलं तेल. महाग पिप्याचे बोंडे रोज तळणं परवडणार नव्हतं. सत्यभामेला तिची माय आठवली. भातकुलीला घरात तेल नसलं की माय कढी-गोळे करायची. डाळ भिजवून जाडसर वाटायची, मिरची-लसूण घालून गोळे वळायचे आणि उकळत्या कढीत सोडून द्यायचे. वरून चमचाभर फोडणी. क्रूड कितीही चढलं तरी चमच्याला काय होतंय! बोंडे फक्त बाजाराच्या दिवशी, असं तिनं ठरवलं आणि डाळ भिजत घातली.

संध्याकाळी किसनराव परतले. दारातच त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली.

“माहं सोयाबीन!”

“हाय तिथीच हाय. मोजून घ्या,” सत्यभामा म्हणाली. “भाव आला की घेऊन जाजा. मी अडवनार नाही. शब्द हाय माहा.”

“ओलावा लागंन त्याले!”

“खाली ताडपत्री हाय.”

किसनरावांनी गोधडीचं टोक उचलून बघितलं. होती. मग ते जेवायला बसले.

पाडव्याच्या सकाळी शटर वर गेलं. नारळ फुटला. कढीचा वास बसस्टँडपर्यंत गेला आणि माणसं येऊ लागली. आली, आत डोकावली आणि उभीच राहिली.

काय झालं ते सत्यभामेला आधी कळलंच नाही. रिटायर झालेले रामराव गुरुजी काठी टेकत पुढे आले, त्यांनी गोधडी जरा बाजूला सारली आणि खालचं पोतं बघून काठीसकट मागे सरले.

“सत्यभामा, हे तं धान्य हाय. धान्यावर कसं बसाव? लक्ष्मी हाय ते.”

खरंच की. या गावात चुकून पोत्याला पाय लागला तर माणूस वाकून नमस्कार करतो. खळ्यावर चप्पल कुणी घालत नाही. हे तिलाही लहानपणापासून ठाऊक होतं, आणि हॉटेलाच्या नादात तेवढंच डोक्यातून गेलं होतं. बाकडी आणायला ना वेळ होता ना जागा. माणसं दारात घुटमळत होती, कुणी हळूच “येतो मंग” म्हणत होतं. कढी उकळत होती. सत्यभामेनं ती पुन्हा एकदा ढवळली. तिनं मान खाली घातली.

किसनराव दाराला टेकून हे सगळं बघत होते. त्यांच्या मनासारखंच होत होतं खरं म्हणजे. आता पोती पुन्हा रचली जाणार होती. पण त्यांनी बायकोची खाली गेलेली मान बघितली आणि ते पुढे आले. वाकून पोत्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि सगळ्यांदेखत बैठकीवर ऐसपैस मांडी घालून बसले.

“गुरुजी, बसा. धान्य मानसाच्या पोटात जाते. हे कवा कोनाच्या पोटात गेलं? दिवाळीपासून मी याच्याकडं धान्य म्हनून पाह्यलंच नाही. हे क्रूड हाय क्रूड! पाया पडा अन् बसा.”

आधी सूर्यभान हसला. मग सगळे हसले. गुरुजींनी पोत्याला हात लावून नमस्कार केला आणि बूड टेकलं. “नरम हाय,” ते म्हणाले. “आन एक प्लेट.”

त्या दिवशी कढी तीनदा चढवावी लागली.

बघता बघता तो रिवाजच पडला. येणारा माणूस आधी पोत्याला हात लावायचा, मग कपाळाला आणि मग बसायचा. पाटीवर ‘आलुबोंडा’ आणि प्लेटमध्ये कढी-गोळे, याची गावात थट्टा झाली, पण थट्टा करणारेही वाटी पुढे करूनच करायचे. ज्यांच्या ज्यांच्या घरात सोयाबीन अडकून पडलं होतं ते सगळे इथे जमायला लागले. किसनराव त्यांचे प्रोफेसर. बिस्किटांऐवजी ते आता गोळे मांडून समजावत, आणि त्यात पेंडीचा गोळा सगळ्यांत मोठा असायचा. बोलता बोलता उठून कुणाला पाणी दे, कुणाची वाटी उचल, हेही त्यांच्या अंगवळणी पडलं. सत्यभामा ते बघून न बघितल्यासारखं करायची. तिनं काही म्हटलं असतं तर ते लाजून थांबले असते.

एकच टोचणी होती. भाव कधी ना कधी येणार होता, आणि तिनं शब्द दिला होता.

तो दिवस वैशाखात आला. त्या सकाळी किसनराव अंथरुणातूनच ओरडले होते, “उतरलं! चांगलंच उतरलं!” तेलाचा पिपा मात्र अजून महागच होता. चढताना तो लगेच चढतो, उतरायची त्याला घाई नसते. दुपारी हॉटेल गच्च भरलेलं असताना चंद्रभानचा फोन आला. किसनरावांच्या हातात वाट्या होत्या, म्हणून त्यांनी फोन फळीवर ठेवून आवाज मोठा केला.

“किसनभाऊ, गाडी पाठवू का? भाव आला. तुमी म्हनत होते तोच.”

“आँ? क्रूड तं उतरलं!”

“तेलानं नाही वाढला, पेंडीनं वाढला. कोंबड्याइले भूक लागली. पन उद्याचं मी सांगू शकत नाही. आजच्या आज काढा.”

सगळ्या खोलीनं ऐकलं. रामराव गुरुजी वाटी हातात धरून अर्धवट उठले, कारण ते ज्यावर बसले होते तेच आता जाणार होतं. शाळकरी पोरी बैठकीच्या टोकाला पाय हलवत बसल्या होत्या, त्यांचे पाय थांबले. सत्यभामेनं पळा कढीत तसाच ठेवला आणि पदराला हात पुसले. बाकडी घ्यायचं तिनं पुढच्या हंगामावर टाकलं होतं. पण शब्द तो शब्द.

“उठा वं पोरीहो,” ती म्हणाली. आवाज साधाच ठेवायचा तिनं प्रयत्न केला. “गुरुजी, तुमी जरा ओट्याकडं या. माल जाऊन राह्यला.”

किसनराव फळीपुढे उभे होते. त्यांनी गुरुजींकडे बघितलं, पोरींकडे बघितलं, गोधड्यांच्या घड्या घालायला वाकलेल्या बायकोकडे बघितलं. दिवाळीपासून ज्याची वाट बघितली ते फोनमध्ये “हॅलो, हॅलो” करत होतं.

“चंद्रभान,” ते म्हणाले, “नको धाडू गाडी. क्रूड अजून चढून राह्यलं. थोडं थांबू.”

आणि त्यांनी फोन बंद केला.

सकाळचं “उतरलं!” अख्ख्या आळीनं ऐकलं होतं. गुरुजी हळूच परत बसले. किसनराव उगाचच एकेक वाटी पुसायला लागले, कोरडी असलेलीसुद्धा.

सत्यभामेनं हातातली गोधडी पुन्हा अंथरली, तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि ती मागे गेली. त्या दिवशी बाजार नव्हता. तरी तिनं मोठी कढई काढली आणि चुलीवर चढवली. घरच्या भाजीसाठी सकाळी उकडलेले बटाटे होतेच, ते सोलून कुस्करायला घेतले.

“अवं, बोंडे?” किसनराव फळीजवळून म्हणाले. “आज? तेल केवढं महाग हाय!”

“माहीत हाय मले,” सत्यभामा म्हणाली आणि तिनं पिपा कढईत वाकवला.